घड्याळातले बारा आणि सोलापूरचे बारा

विद्यापीठाच्या शिफारशीत "फवारणी सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर करावी" असे वाक्य आपण अनेकदा वाचले असेल. शिवारफेरीत यावर हमखास एक प्रश्न येतो. जानेवारीत नऊ वाजता पानावर दव असते आणि मे महिन्यात नऊ वाजताच अंग भाजते, मग हे दहा म्हणजे नेमके कोणते दहा? प्रश्न रास्त आहे. पिकाला, मधमाशीला आणि दवाला घड्याळ ठाऊक नसते, त्यांना सूर्य ठाऊक असतो. आपल्या हातातील घड्याळ आणि सोलापूरच्या माथ्यावरील सूर्य यांत किती अंतर आहे, ते कसे पडले, आणि सरकारने घड्याळ पुढे-मागे केल्यास आपल्या शेतीला काय फरक पडेल, याचा विचार या लेखात केला आहे.

सव्वीस मिनिटांचे अंतर

पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. जे गाव पूर्वेला, तेथे सूर्य आधी उगवतो व आधीच माथ्यावर येतो. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरविलेली आहे. सोलापूर शहर सुमारे ७५.९ अंशांवर आहे. फरक ६.६ अंशांचा, म्हणजे सुमारे २६ मिनिटांचा. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सोलापूरचा सूर्य सरासरीने अजून २६ मिनिटे पूर्वेकडे असतो. आपले खरे बारा म्हणजे घड्याळातले बारा सव्वीस.

जुन्या मापाने पाहिले तर हा हिशेब सोपा आहे. दिवसाच्या साठ घटका, म्हणून एक घटका २४ मिनिटांची. सोलापूर प्रमाणवेळेपेक्षा एका घटकेने आणि थोड्या पळांनी मागे आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही थोडा फरक पडतो. करमाळा व सांगोल्याकडे सूर्य सोलापूर शहरापेक्षा सुमारे तीन मिनिटे उशिरा, तर अक्कलकोटला एक मिनिट आधी माथ्यावर येतो. राज्याचा विचार केल्यास मुंबईचे सरासरी बारा १२ वाजून ३८ मिनिटांनी आणि नागपूरचे १२ वाजून १४ मिनिटांनी होतात. दात्यांचे पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघते. कोणतेही पंचांग पाहताना सूर्योदय कोणत्या गावचा दिला आहे, हे आधी पाहण्याची सवय जुन्या लोकांना होती. ती सोडू नये.

हे अंतर आले कोठून?

आगगाडी येईपर्यंत प्रत्येक गावाचे बारा त्या गावच्या सूर्यावर होते आणि त्यात कोणाचे काही अडत नव्हते. सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. पुढे हाच मार्ग रायचूरपर्यंत गेला आणि १८७१ मध्ये तेथे मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला मिळाला. मुंबईची वेळ आणि मद्रासची वेळ यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर होते, आणि सोलापूर या दोहोंच्या मधोमध. मुंबईचे घड्याळ सोलापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे १२ मिनिटे मागे, तर मद्रासचे सुमारे १७ मिनिटे पुढे. देशातील रेल्वेने आपल्या वेळापत्रकासाठी मद्रास वेळ धरली होती. गावच्या सूर्यावर विसंबून माल घेऊन निघालेल्या माणसाची गाडी चुकण्यास एवढे अंतर पुरेसे होते.

हा गोंधळ मोडण्यासाठी १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली एकच प्रमाणवेळ लागू करण्यात आली. ती सर्वांना गोड वाटली नाही. मुंबईचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे गेले. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध दंगा केला, कारण सूर्याच्या हिशेबाने त्यांना तेवढे लवकर कामावर जावे लागणार होते. मुंबई महापालिकेनेही आपल्या घड्याळांत मुंबईचीच वेळ ठेवली आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली. कलकत्त्याची स्वतंत्र वेळ १९४८ पर्यंत चालू होती. वेळेचा प्रश्न शेवटी "कोणी किती वाजता उठायचे" असा असतो, हे त्या कामगारांनी बरोबर ओळखले होते असे मला वाटते.

सूर्यही दररोज वक्तशीर नसतो

वर बारा सव्वीस म्हटले ती वर्षाची सरासरी झाली. पृथ्वीचा मार्ग किंचित लंबगोल आहे आणि तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. या दोन कारणांनी सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभर थोडी सरकत राहते. फेब्रुवारीच्या मध्यात सोलापूरचे खरे बारा घड्याळात १२.४० ला होतात, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२.१० लाच. पुढील वेळा सोलापूर शहरासाठी गणिताने काढल्या आहेत. त्यांत एक-दोन मिनिटांचा फरक धरावा.

१५ जानेवारी : सूर्योदय ७.००, मध्यान्ह १२.३६, सूर्यास्त ६.११
२० फेब्रुवारी : सूर्योदय ६.५१, मध्यान्ह १२.४०, सूर्यास्त ६.२९
२० मे : सूर्योदय ५.५२, मध्यान्ह १२.२३, सूर्यास्त ६.५३
२१ जून : सूर्योदय ५.५३, मध्यान्ह १२.२८, सूर्यास्त ७.०४
२३ सप्टेंबर : सूर्योदय ६.१५, मध्यान्ह १२.१९, सूर्यास्त ६.२२
२० नोव्हेंबर : सूर्योदय ६.३४, मध्यान्ह १२.१२, सूर्यास्त ५.५०
२१ डिसेंबर : सूर्योदय ६.५२, मध्यान्ह १२.२४, सूर्यास्त ५.५७

या आकड्यांत एक गंमत आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, परंतु सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि सर्वांत उशिरा उगवतो तो संक्रांतीच्या सुमारास. संक्रांतीपासून दिवस मोठा होतो म्हणतात, मग पहाटे अजून अंधार कसा, असे ज्यांना वाटते त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. दिवस मोठा होत असतो, पण तो संध्याकाळच्या बाजूने.

शिफारशीतील वेळ कशी वाचावी?

सव्वीस मिनिटांच्या फरकाने कोणाची फवारणी वाया जात नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. खरा फरक ऋतूचा आहे. सकाळी आठ वाजता जानेवारीत सूर्य उगवून एकच तास झालेला असतो, तर जूनमध्ये दोन तासांहून अधिक. "दुपारी चारनंतर" म्हटले तर नोव्हेंबरमध्ये दिवे लागणीपर्यंत जेमतेम पावणेदोन तास हाती राहतात. मे महिन्यात त्याच चार वाजता सूर्यास्ताला जवळजवळ तीन तास असतात आणि उन्हाचा तडाखा उतरलेला नसतो. दिवसाचे कमाल तापमान मध्यान्हीला येत नाही. जमीन व हवा तापण्यास वेळ लागतो, त्यामुळे ते साधारण दोन-तीन तासांनी, म्हणजे आपल्याकडे अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येते.

म्हणून शिफारशीतील घड्याळाची वेळ "सूर्योदयानंतर किती व सूर्यास्तापूर्वी किती" अशी फिरवून वाचावी. हिवाळ्यात पानावरील दव वाळल्यावर, वारा व ऊन वाढण्यापूर्वी फवारावे. उन्हाळ्यात उजाडताच कामास लागून आठ-साडेआठला थांबावे, किंवा सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत काम उरकावे. सूर्यफूल, तूर व डाळिंब फुलोऱ्यात असताना संध्याकाळचीच वेळ निवडावी, कारण सकाळी ऊन चढू लागले की मधमाश्यांची वर्दळ वाढते. कीटकनाशक नेमके त्याच वेळी फवारले तर फळधारणेचे नुकसान आपणच ओढवून घेतो.

करडईचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीच्या वेळी काटे पहाटेच्या दवाने मऊ असतात, तेवढ्यातच कापणी सुसह्य होते. २० फेब्रुवारीस सूर्य ६.५१ ला उगवतो. मजूर घड्याळाने नऊला आले तर मऊ काट्यांचा सर्व वेळ निघून गेलेला असतो. हरभऱ्याचेही तसेच आहे, ऊन तापल्यावर काढणी केली की घाटे गळतात. अशा कामांची मजुरी ठरविताना "नऊ ते पाच" न ठरविता "उजाडल्यापासून न्याहारीपर्यंत" अशी बोली करावी. पूर्वी तशीच बोली होत असे.

पिके तर दिवसाच्या लांबीवरच चालतात. सोलापूरला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास ११ मिनिटांचा आणि सर्वांत लहान ११ तास ४ मिनिटांचा. फरक दोन तासांचाच, परंतु रब्बी ज्वारी व तुरीला तो पुरतो. दिवस लहान होत गेले की या पिकांना फुलोऱ्याची सूचना मिळते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात इतकी वर्षे टिकली, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर लहान होत जाणाऱ्या दिवसांशी तिचे जुळलेले गणित हे एक कारण आहे. हस्त नक्षत्रावर पेरा ठरविणारा शेतकरी खरे पाहता सूर्याचेच वेळापत्रक वापरत असतो, कारण पावसाची नक्षत्रे सूर्यावरून मोजली जातात.

सौर पंप आणि विजेची पाळी

सौर पंप बसविलेल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र ही सव्वीस मिनिटे कामाची आहेत. पॅनेलची वीज सूर्याच्या उंचीप्रमाणे चढते व उतरते. आपल्याकडे तिचा मध्य बारा वाजता नसून सुमारे साडेबाराला आहे. भरपूर दाबाने पाणी मिळण्याचे चार तास धरावयाचे झाल्यास ते दहा ते दोन नव्हेत, तर साडेदहा ते अडीच. ठिबकच्या पाळ्या लावताना सर्वांत लांबचा किंवा चढावरचा व्हॉल्व्ह या वेळेत ठेवावा आणि जवळचे, उताराचे व्हॉल्व्ह सकाळी व उतरत्या उन्हात चालवावेत. जानेवारीत सकाळी आठला पंप पाणी कमी देतो म्हणून लगेच बिघाड समजू नये, सूर्य नुकताच वर आलेला असतो.

महावितरणच्या वाहिनीवरील शेतकऱ्यास दिवसपाळी व रात्रपाळी यांचा अनुभव आहे. रात्रपाळीत अंधारात, साप-विंचवाच्या भीतीने पाणी देणे काय असते, हे शहरात बसून घड्याळाचा विचार करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. २०१७ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा खरा लाभ हाच की तिची वीज दिवसा, सूर्याबरोबर येते. तिच्या पुरवठ्याची वेळ ठरविताना सोलापूरच्या मध्यान्हाचा विचार व्हावा. नऊ ते पाच अशी पाळी ठेवली तर मध्यान्हापूर्वी साडेतीन आणि नंतर साडेचार तास असे असमान वाटप होते.

वेधशाळेचा दिवस वेगळा

कृषी हवामान वेधशाळेतील नोंदी सकाळी ७ व दुपारी २ वाजता घेण्याची पद्धत आहे, आणि या वेळा प्रमाणवेळेच्या नसून स्थानिक आहेत. सोलापुरात त्या घड्याळाच्या ७.२६ व २.२६ ला येतात. देशात कोठेही नोंद घेतली तरी सूर्य साधारण त्याच ठिकाणी असावा, हा त्यामागील हेतू. पावसाचे मात्र उलट आहे. सर्व देशात प्रमाणवेळेनुसार सकाळी ८.३० ला मागील २४ तासांचा पाऊस मोजतात आणि तो त्या सकाळच्या तारखेस लिहितात. त्यामुळे १४ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस सरकारी नोंदीत १५ तारखेस दिसतो. विम्यासाठी किंवा नुकसानीच्या अर्जासाठी नोंद पाहताना "आमच्याकडे १४ ला पडला, कागदावर १५ कसा" असा वाद पुष्कळदा यातूनच निर्माण होतो. आपल्या डायरीत पावसाची तारीख व वेळ दोन्ही लिहावी. पुढच्या तारखेची सरकारी नोंदही अवश्य पाहावी.

घड्याळ पुढे करण्याची पद्धत

थंड देशांत उन्हाळ्यात दिवस फार मोठे होतात. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा तर डिसेंबरात आठ तासांहूनही लहान. तेथे उन्हाळ्यात पहाटे चार-पाचला उजाडते आणि माणसे झोपेत असतात, म्हणून घड्याळ तासभर पुढे करून संध्याकाळी उजेड मिळविण्याची पद्धत पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनी व इंग्लंडने सुरू केली. अमेरिकेने ती १९१८ मध्ये उचलली. ही पद्धत शेतकऱ्यांसाठी आली असा समज त्या देशांतही आहे, तो खरा नाही. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नव्हते, पण मजूर नव्या घड्याळाने संध्याकाळी तासभर आधी घरी जात. गाई आपल्या वेळेलाच पान्हा सोडत, दुधाची गाडी मात्र तासभर आधी येऊन उभी राही. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकेच्या काँग्रेसने १९१९ मध्ये तो कायदा मागे घेतला. पुढे ही पद्धत परत आली आणि आजही तेथील बहुतेक राज्यांत आहे. रशियाने २०११ मध्ये, ब्राझीलने २०१९ मध्ये व मेक्सिकोने बहुतांश भागात २०२२ मध्ये दरवर्षी घड्याळ बदलणे बंद केले.

युरोपात द्राक्षे-डाळिंब पाठविणाऱ्यांना याचा व्यवहारात संबंध येतो. नेदरलँड्सचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जाते व फरक साडेतीन तासांचा राहतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचार होतो. द्राक्षाच्या हंगामाच्या अखेरीस खरेदीदाराशी बोलण्याची वेळ एकाएकी चुकते ती यामुळे.

आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळ एक तास पुढे होते. त्या काळी सोलापूरचा सूर्य घड्याळात सरासरी १.२६ ला माथ्यावर येई.

भारतात दोन वेळा असाव्यात का?

हा विषय दर काही वर्षांनी निघतो, आणि पूर्वेकडील लोकांची तक्रार खरी आहे. देशाची पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे २९ अंश, म्हणजे जवळजवळ दोन तास. द्वारकेचे बारा १२.५४ ला तर आसामात दिब्रुगडचे ११.१० ला होतात. डिसेंबरात दिब्रुगडला सूर्य दुपारी चार वीसच्या सुमारास मावळतो, कचेरी सुटण्यापूर्वीच अंधार पडतो. म्हणून आसामातील चहाच्या मळ्यांत एक तास पुढे असलेली "बागान वेळ" इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहे. चीनने १९४९ नंतर सर्व देशाला बीजिंगची एकच वेळ लावली, तेथेही पश्चिमेकडील शिंजियांगमध्ये अनेक लोक व्यवहारात दोन तास मागची वेळ पाळतात.

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने २०१८ मध्ये पूर्वेकडील राज्यांसाठी एक तास पुढची स्वतंत्र वेळ सुचविली. त्यापूर्वी २००७ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी सर्व देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे करावे, म्हणजे संध्याकाळची वीज वाचेल, असे मांडले होते. शासनाने दोन्ही मान्य केलेले नाही.

पहिल्या सूचनेचा सोलापूरला काही त्रास नाही. मळेवाल्यांची वेळ तशी अधिकृत झाल्यास चांगलेच. दुसऱ्या सूचनेबाबत मात्र आपण जागरूक असावे असे माझे स्पष्ट मत आहे. घड्याळ अर्धा तास पुढे गेले तर सूर्य आपल्या वेळेलाच येईल, पण शाळा, एस.टी., दूध संकलन, बाजार समितीतील लिलाव आणि विजेची पाळी ही सर्व अर्धा तास आधी होतील. जानेवारीत सोलापूरला घड्याळात साडेसातला उजाडेल. वस्तीवरून सातच्या शाळेस निघणारी मुले अंधारात चालतील, माल घेऊन लिलावास जाणाऱ्यास अधिक रात्र उरकावी लागेल. पूर्ण तासाची उन्हाळी वेळ तर आपल्या अक्षांशावर निरुपयोगीच आहे. आपल्या दिवसात मुळात दोनच तासांची घटबढ आहे, वाचविण्यासारखा पहाटेचा उजेड उरतो किती? शिवाय संध्याकाळच्या दिव्यांची वीज वाचवावी हा मुद्दा साध्या बल्बच्या काळात जेवढा वजनदार होता तेवढा एलईडी दिव्यांच्या काळात राहिलेला नाही.

आपल्या शेतातील बारा कसे काढावेत?

याला काठी, ओळंबा व घड्याळ एवढेच लागते. सपाट जागी एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. घड्याळात पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खुंटी मारावी. सर्वांत आखूड सावलीची वेळ हे आपल्या शेताचे मध्यान्ह, आणि त्या सावलीची रेघ ही अचूक दक्षिणोत्तर रेषा. सौर पॅनेल दक्षिणेकडे लावताना, द्राक्षाच्या ओळी दक्षिणोत्तर आखताना किंवा गोठा पूर्व-पश्चिम बांधताना हीच रेषा धरावी. २१ डिसेंबरला ही आखूड सावलीही सुमारे ८७ सेंटीमीटर भरते, म्हणून हिवाळ्यात रेषा सहज आखता येते. १० मे व २ ऑगस्टच्या सुमारास सोलापूरचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो व काठीची सावली दिसेनाशी होते, त्या दिवसांत हा प्रयोग करू नये. या दोन तारखांच्या दरम्यान सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो आणि भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. जूनमध्ये खुंट्या मारून पॅनेलची दिशा ठरविणाऱ्याने सावलीचे टोक उत्तर न समजता दक्षिण समजावे.